नागपुरात निसर्गोपचार केंद्र काढताना: नोंदणी, परवाने आणि विमा

कडुनिंब
नमस्कार मंडळी. मनीषनगरात निसर्गोपचार केंद्र काढायचं ठरतंय. मी बीएनवायएस (योग-निसर्गोपचाराची पदवी), भागीदार मैत्रिणीकडे निसर्गोपचाराची तीन वर्षांची पदविका. जागा एका फ्लॅट स्कीमच्या तळमजल्यावर, १,४०० चौरस फूट, भाड्याची. माती पट्टी, कटिस्नान, बाष्पस्नान, एनिमा, मालिश, उपवास आणि आहारसल्ला. सध्या खाटा नाहीत. दोन थेरपिस्ट आणि रिसेप्शनला एक मुलगी.
एक जण म्हणतो गुमास्ता (दुकानाची नोंदणी) काढला की झालं. दुसरा म्हणतो मनपाचं नर्सिंग होम रजिस्ट्रेशन लागतंच. विमा एजंट "डॉक्टरांची पॉलिसी देतो" म्हणतोय, पण बीएनवायएस म्हणजे काय हे त्याला मलाच सांगावं लागलं. तर आधी काय, मग काय? आणि विमा कधी?

तर्रीबाज
रुमाल टाकून ठेवतो. एनिमा आणि गुमास्ता एकाच परिच्छेदात पहिल्यांदाच वाचले.

काळाकोट
ताई, गुमास्ता शेवटी. सुरुवात स्वतःच्या पदवीपासून करा, कारण पुढचं सगळं त्यावर टांगलेलं आहे.
केंद्र सरकारचा २०२० चा भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाचा कायदा आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांच्यापुरता आहे. योग-निसर्गोपचार त्यात नाही. राज्यात महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चं कलम ३३ म्हणतं की ठरावीक रजिस्टरांवर नाव नसलेल्याने वैद्यक व्यवसाय करायचा नाही. ती रजिस्टरं ॲलोपॅथी, आयुर्वेद-युनानी, होमिओपॅथीची. बोगस डॉक्टर शोध समितीचं पथक आलं की याच कलमावर बोट ठेवतं, आणि शिक्षा कैदेची आहे.
म्हणून जागेचं टोकन देण्याआधी वकिलाकडून लेखी अभिप्राय घ्या. दोघींचा वेगवेगळा, कारण बीएनवायएस म्हणजे साडेचार वर्षं अधिक वर्षभराची इंटर्नशिप. पदविकेला तोच युक्तिवाद जसाच्या तसा लागू होत नाही. मैत्रीण तुमच्या देखरेखीखाली थेरपी आणि आहार बघणार की स्वतः रुग्ण तपासून उपचार ठरवणार, हे भागीदारीच्या करारात लिहून काढा.
दुसरं, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. हलगर्जीपणाने मृत्यू झाल्यास नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला कमाल शिक्षा दोन वर्षं, बाकी सगळ्यांना पाच. आणि इथे "नोंदणीकृत" म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालची पदवी आणि त्या रजिस्टरवर नाव. तुम्ही दोघी पाचवाल्या रांगेत.

संत्राबर्फी
काऊन घाबरवून राहिले वकीलसाहेब? उरुळी कांचनचा आश्रम १९४६ पासून आहे. पुण्यात केंद्र सरकारचीच राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. सरकार चालवते ते बेकायदेशीर कसं होईल?

काळाकोट
बेकायदेशीर म्हटलंच नाही भाऊ. पद्धतीला मान्यता आहे, आयुष मंत्रालयाच्या नावातल्या "य" मध्ये योग आणि निसर्गोपचार दोन्ही येतात. पण पथक दारात आलं की ते मंत्रालयाचं नाव विचारत नाही, तुमचा नोंदणी क्रमांक विचारतं. त्या वेळी हातात काय द्यायचं, त्याची तयारी आधी हवी: विद्यापीठाची पदवी, इंटर्नशिपचा दाखला, दुसऱ्या राज्यात मंडळाची नोंदणी असेल तर तिची प्रत, वकिलाचा अभिप्राय आणि केंद्रात काय केलं जातं आणि काय केलं जात नाही याची सही-शिक्क्याची यादी.
ॲलोपॅथीची एक पट्टीसुद्धा कपाटात नको, पॅरासिटामॉलचीही नाही. पूनम वर्मा खटल्यात (१९९६) होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली एवढ्यावरच सर्वोच्च न्यायालयाने हलगर्जीपणा धरला.

बाष्पपेटी
या "काय करत नाही" यादीबद्दल लिहितो, कारण लोक ती उगाच अर्ध्या पानाची करतात.
चालू औषधं बंद किंवा कमी करणार नाही. बदल हवा असेल तर रुग्णाच्या फिजिशियनला पत्र. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याला उपवास नाही. गरोदरपणात एनिमा आणि बाष्पस्नान नाही. हृदयविकार, नियंत्रणाबाहेरचा रक्तदाब, मिरगी असताना बाष्पस्नान नाही. मूळव्याधीतून रक्त जात असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर एनिमा नाही.
दावा ओढवून घेणारी सगळ्यात साधी चूक म्हणजे गरम पादस्नान. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना गेलेली असते. पाणी ४० अंश आहे की ५०, रुग्णाला कळतच नाही. तो "छान वाटतंय" म्हणतो आणि संध्याकाळी घरी फोड येतात. थेरपिस्टच्या हाताचा कोपर हे मोजमाप नव्हे. तापमापी बादलीत हवी आणि आकडा उपचारपत्रकावर वेळेसकट हवा. मधुमेही असेल तर आधी तळपायाची संवेदना तपासायची, तिचीही नोंद.
बाष्पपेटीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), वेगळं अर्थिंग, आतून ढकलताच उघडणारं दार. खिटी नकोच. आणि आपल्याकडचा मे महिना हिशेबात धरा. ४५ अंशांतून दुचाकीवर आलेल्या माणसाला थेट पेटीत बसवायचं नसतं. आधी अर्धा तास सावलीत, पाणी, रक्तदाब, मगच. उन्हाळ्यात दुपारी ११ ते ५ बाष्पस्नान बंद ठेवलं तर धंदा बुडत नाही.

तर्रीबाज
दुपारी ११ ते ५ नागपूरच बंद असतं डॉक्टर.

प्रपोजल_फॉर्म
बाष्पपेटी यांची यादी जपून ठेवा, तीच विम्याच्या प्रस्तावाला जोडायची आहे.
"डॉक्टरांची पॉलिसी" म्हणजे प्रोफेशनल इंडेम्निटी, उपचारातल्या चुकीच्या दाव्यांचा विमा. छापील फॉर्मात वैद्यकीय परिषदेच्या नोंदणी क्रमांकाचा रकाना असतो. एजंट तिथे काहीतरी भरून टाकतो किंवा "जनरल प्रॅक्टिशनर" लिहितो. हप्ता घेतला जातो, पॉलिसीही येते, आणि दाव्याच्या दिवशी कंपनी प्रस्ताव काढून म्हणते की माहिती चुकीची दिली होती. त्यामुळे त्या रकान्यात "बीएनवायएस, निसर्गोपचार" असं स्पष्ट लिहा, उपचारांची पूर्ण यादी जोडा आणि प्रकरण अंडररायटरकडे (कंपनीत जोखीम तपासून मंजुरी देणाऱ्याकडे) पाठवायला सांगा. मंजुरी ईमेलवर हवी. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचं "हो जाएगा मॅडम" चालणार नाही.
पॉलिसीत बघायचं ते असं. एका दाव्याची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगळी असते. उदाहरणार्थ, एकास दोन प्रमाणात घेतलं तर एका दाव्याला २५ लाख आणि वर्षभरात मिळून ५० लाख. वकिलाचा खर्च त्या मर्यादेच्या आत की बाहेर, हे विचारा. एक्सेस किती, म्हणजे प्रत्येक दाव्यात पहिला भाग तुमच्या खिशातून किती. थेरपिस्टच्या हातून झालेली चूक धरली आहे का, कारण मूळ पॉलिसी बहुधा पदवीधराची असते आणि साहाय्यकांसाठी वाढीव कव्हर मागून घ्यावं लागतं. केंद्राच्या नावावर वेगळी आणि तुमच्या नावावर वेगळी असे दोन विमे लागतील, कारण नोटीस दोघांच्याही नावाने येते.
आणि बरं होण्याची हमी दिली असेल तर ते कव्हरमधून बाहेर. "२१ दिवसांत शुगर नॉर्मल, नाहीतर पैसे परत" असं छापलंत की विमा कंपनीचं काम सोपं झालं.

कडुनिंब
हे खूप कामाचं आहे. पण "क्लेम्स मेड" असं एक तिरपं वाक्य कोटेशनवर आहे, ते काय?

प्रपोजल_फॉर्म
पॉलिसीचा प्राण तोच आहे. उपचार कधी केला यापेक्षा दावा कधी आला ते बघतात. २०२६ मध्ये उपचार केला आणि नोटीस २०२८ मध्ये आली, तर २०२८ ची पॉलिसी चालू असायला हवी आणि तिच्यावरची रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्यापासूनचे उपचार पॉलिसी धरते ती) उपचाराच्या आधीची हवी. मध्ये एक वर्ष खंड पडला किंवा कंपनी बदलताना नव्या कंपनीने जुनी तारीख पुढे चालवली नाही, की मागची सगळी वर्षं उघडी. नूतनीकरणाला दरवेळी हीच एक तारीख तपासायची, हप्ता नंतर.
रुग्णाने तोंडी तक्रार केली, वकिलाची नोटीस आली, काहीही झालं तरी त्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवायचं. परस्पर "चूक झाली, बिल परत देतो" असं लिहून द्यायचं नाही.

पुढचं_पाऊल
यादीत मालिश आहे. त्यासोबत ॲक्युपंक्चर करणार का? महाराष्ट्रात त्याचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र परिषद आहे, नोंदणीशिवाय सुई धरू नका. टेन्स (दुखण्यावर सौम्य वीज देणारं), अल्ट्रासाउंड ही यंत्रंही फिजिओथेरपिस्टची. त्यांची वेगळी राज्य परिषद आहे. यूट्यूबवर बघून "ॲड-ऑन" लावणारे इथेच फसतात.

हिशेबनीस
करांचं थोडक्यात. मान्यताप्राप्त चिकित्सा पद्धतीत निदान, उपचार, शुश्रूषा असेल तर आरोग्यसेवा म्हणून जीएसटी माफ, आणि त्या यादीत निसर्गोपचार आहे. पण माफी उपचाराला आहे, नुसत्या आरामाला नाही. "रिलॅक्सेशन पॅकेज", "ब्राइडल डिटॉक्स" हे सौंदर्य आणि वेलनेसमध्ये जातं. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता) ५ टक्के. एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी आली.
फरक कागदावर दिसला पाहिजे: केसपेपर, तक्रार, तपासणी, उपचारपत्रक आणि मग बिल. बिलावर नुसतं "स्टीम ५०० रु." लिहिलं तर ते स्पाचंच बिल दिसतं. पुढे खाटा काढल्या आणि खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर ठेवलं तर खोलीवर ५ टक्के लागतात.
व्यवसाय कर: दोघींचं पीटीईसी (स्वतःच्या कराची नोंदणी), वर्षाला २,५०० प्रत्येकी. कर्मचाऱ्यांचा पगारातून कापायचा तर पीटीआरसी ही वेगळी नोंदणी; महिला कर्मचाऱ्यांना २५,००० पगारापर्यंत माफ.
गुमास्त्याबद्दल: २०१७ च्या कायद्यात दवाखानाही "आस्थापना" आहे. तुमच्याकडे तीनच माणसं, म्हणून पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. बँक चालू खात्यासाठी तीच पोच मागते.

संत्राबर्फी
आणि पाटी मराठीत! देवनागरी आधी, आणि दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक अक्षरात चालत नाही. "नेचर क्युअर" एवढं मोठं आणि खाली मुंगीएवढं "निसर्गोपचार" लावलं की दुकान निरीक्षक खुश.

बाराखडी_लेआउट
जागेचं कोणीच बोललं नाही, आणि नागपुरात अर्धे गोते तिथेच खातात.
मनीषनगर, बेसा, मानेवाडा या पट्ट्यात आधी विचारायचं की ले-आउट मंजूर आहे की गुंठेवारीतला. नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे का? मंजूर नकाशात तळमजला "पार्किंग" दाखवला असेल आणि बिल्डरने भिंती घालून तोच तुम्हाला भाड्याने दिला असेल, तर परवानेच काय, आगीचा विमासुद्धा वादात जातो. नकाशाची प्रत घरमालकाकडून मागा. देत नसेल तर जागा सोडा.
फ्लॅट स्कीम बहुधा अपार्टमेंट कायद्यातली असते. डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र) वाचा, त्या गाळ्याचा वापर काय लिहिलाय ते बघा, आणि असोसिएशनचं ना-हरकत पत्र घ्या. त्या पत्रात "दवाखाना" एवढंच नको. वाफ, पाण्याचा निचरा आणि मातीचं पाणी यांचा उल्लेख हवा. माती पट्टी आणि मातीस्नानाचं पाणी सरळ चेंबरमध्ये सोडलं की दोन महिन्यांत आख्ख्या स्कीमचं ड्रेनेज तुंबतं आणि मग वरच्या मजल्यावरच्या काकू मनपात. गाळ बसवायला दोन कप्प्यांची टाकी आधी बांधा, वरचं नितळ पाणी तेवढं पुढे जाऊ द्या.
भाडेकरार लीव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृतच. मुद्रांक पाव टक्का, मनपा हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यात "निसर्गोपचार केंद्र" हाच वापर लिहा आणि लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी जागा सोडायला न लावण्याची अट) घ्या, कारण टाइल, पाइप, बाष्पपेटी यांचा खर्च भिंतीत जातो.
वीजही बघा. घरगुती मीटरवर केंद्र चालवलं आणि तपासणी झाली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी. दवाखाना महावितरणच्या सार्वजनिक सेवेच्या वर्गात बसतो, व्यापारी वर्गात नाही. अर्ज करताना तेच मागा. स्पा म्हणून गेलात तर व्यापारी.

कडुनिंब
@बाराखडी_लेआउट, नकाशाचं लक्षातच आलं नव्हतं. आजच मागते. मग नर्सिंग होम रजिस्ट्रेशन लागतं की नाही?

काळाकोट
खाटा नाहीत, कोणी रात्री राहत नाही, तर नाही. महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी अधिनियम १९४९ रुग्ण ठेवून शुश्रूषा करणाऱ्या जागेला लागू होतो. "सात दिवसांचं निवासी उपवास शिबिर" काढलं की तुम्ही त्या कक्षेत शिरता. मग मनपाच्या आरोग्य विभागाकडे नोंदणी, तीन वर्षांची, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर. केंद्र सरकारचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे गूगलवर दिसणारे त्याचे फॉर्म भरत बसू नका.

पिवळी_पिशवी
जैववैद्यकीय कचरा! खाटा नसल्या तरी २०१६ चे नियम लागू. प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत मान्यता घ्यायची. खाटा नसलेल्यांना एकदाच. सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार करायचा, त्यांची गाडी पिशव्या नेते, प्रत्येक पिशवीला बारकोड. एनिमाची नळी आणि कॅथेटर लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. एनिमाची नळी धुऊन दुसऱ्या रुग्णाला वापरणं बंद करा, एवढी विनंती. संसर्गाचा दावा आला तर कुठलाच विमा तोंड वर काढणार नाही.
माती कचऱ्यात मोडत नाही, पण एकाची पट्टी दुसऱ्याला नको.

आहारवेल
काढा, रस, सूप तिथेच विकणार असाल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) यांचा कागद हवा. लहान उलाढालीला नोंदणी, मोठीला परवाना. आणि स्वतः कुटलेलं चूर्ण, तेल बाटलीत भरून लेबल लावून देऊ नका. आयुर्वेदिक औषध बनवायला उत्पादन परवाना लागतो. स्वतःच्या रुग्णांसाठी बनवायची सूट कायद्याने वैद्य-हकिमांना दिली आहे, निसर्गोपचारकाला नाही. परवानाधारक कंपनीचं सीलबंद घ्या, बॅच नंबर केसपेपरवर लिहा.

संत्राबर्फी
एवढं सगळं करून रुग्ण यायला जाहिरात तरी करू देणार का? "मधुमेह, बीपी, लठ्ठपणा यावर खात्रीशीर उपाय" हे बॅनर वर्धा रोडवर पावलोपावली आहेत.

काळाकोट
पावलोपावली आहेत म्हणून कायदेशीर होत नाहीत. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या यादीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग सगळे आहेत. "आम्ही औषध देतच नाही" हा बचाव अर्धवट आहे, कारण त्या कायद्यात औषधाची व्याख्या रुंद आहे. उपचारासाठी वापरलेला कोणताही पदार्थ तीत येतो, लेपाची मातीसुद्धा. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ भ्रामक जाहिरातीला वेगळा आहेच. १९५४ च्या कायद्यात तर जाहिरातीत पत्रक, लेबल, तोंडी घोषणा, प्रकाश, आवाज आणि धूरसुद्धा धरलाय.

तर्रीबाज
धूर? म्हणजे सावजीवाल्यांचं काही खरं नाही.

प्रपोजल_फॉर्म
उरलेल्या पॉलिसी. जागेतल्या सामानाला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. एका ठिकाणची एकूण जोखीम ५ कोटींपर्यंत असलेल्यांसाठी आहे, आग आणि पूर दोन्ही येतात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडल्यावर तळमजल्यांची काय गत झाली ते शहराला माहीत आहे. तुमचंही केंद्र तळमजल्यावरच. भिंतीत बसवलेलं प्लंबिंग आणि टाइल "भाडेकरूने केलेली सुधारणा" म्हणून वेगळं लिहा, नाहीतर ते घरमालकाचं धरतात.
सार्वजनिक दायित्व वेगळं घ्या. ओल्या फरशीवर रुग्णाचा नातेवाईक घसरला तर तो उपचाराचा दावा नाही, प्रोफेशनल इंडेम्निटी तो घेणार नाही. आणि तीन कर्मचाऱ्यांवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागत नाही, म्हणजे थेरपिस्ट भाजली तर भरपाई सरळ तुमच्यावर. कर्मचारी भरपाई पॉलिसी घ्या, प्रत्येकीचा खरा पगार आणि खरं काम लिहून. मालिश करणारीला "क्लार्क" दाखवून हप्ता वाचवू नका.

बाष्पपेटी
संमतीपत्र मराठी आणि हिंदी दोन्हीत ठेवा; छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून माणसं येतात. एकच छापील कागद सगळ्या उपचारांना नको. एनिमा, उपवास, बाष्पस्नान यांचं प्रत्येकी वेगळं, धोका नावानिशी लिहिलेला. मालिश स्त्रीला स्त्री, पुरुषाला पुरुष थेरपिस्ट, हे भिंतीवरही लिहा. उपचाराच्या खोलीत सीसीटीव्ही नको, पॅसेजमध्ये हवा.

कडुनिंब
सगळ्यांचे आभार. क्रम असा लावला आहे: वकिलाचा अभिप्राय, जागेचा नकाशा आणि ना-हरकत, भागीदारी करार, भाडेकरार, वीज, कचऱ्याची मान्यता, दुकानाची सूचना, विमा. उद्घाटनाआधी रविवारी बजाजनगरात मोफत तपासणी शिबिर घ्यायचा विचार आहे, पैसे घेणार नाही म्हणून विमा त्यानंतर चालेल ना?

प्रपोजल_फॉर्म
नाही चालणार. पहिल्या माणसाच्या हाताला रक्तदाबाची पट्टी बांधण्याआधी पॉलिसी चालू हवी. रेट्रोॲक्टिव्ह तारीख शिबिराच्या दिवसाची किंवा आधीची, आणि शिबिराचा पत्ता प्रस्तावात. नाहीतर तो कार्यक्रम कायमचा कव्हरबाहेर राहील.

काळाकोट
आणि "मोफत म्हणून ग्राहक नाही" हे व्ही. पी. शांता निकालात (१९९५) सगळ्यांनाच मोफत देणाऱ्यांपुरतं आहे. काहींकडून पैसे घेणाऱ्या ठिकाणी मोफतवालाही ग्राहकच. ग्राहक आयोग सुटला तरी दिवाणी दावा आणि पोलीस स्टेशन आहेच.
शिबिरात फक्त तपासणी आणि आहारसल्ला ठेवा. एनिमा आणि बाष्पस्नान नको. नोंदवही ठेवा: नाव, वय, चालू औषधं, रक्तदाब, दिलेला सल्ला, सही. बॅनरवर "निसर्गोपचार आणि आहार मार्गदर्शन, मोफत रक्तदाब तपासणी" एवढंच. आजाराचं नाव नको.

कडुनिंब
बॅनरवाल्याने "शुगरमुक्त नागपूर" छापून ठेवलंय. परत करते.